माळदांडीची भाकरी आणि तुझा रिपोर्ट

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. उपाशीपोटी ११८, जेवणानंतर २२४, एचबीए१सी ७.१. फोनवर तू "हो हो, कळलं बाबा" म्हणतेस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागते, म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

उपाशीपोटीची साखर १२६च्या आत आहे, म्हणजे 'बॉर्डरच ना' असं तू लिहिलं आहेस. बॉर्डर नाही गं, हा मधुमेहच. एचबीए१सी मधुमेहाच्या साडेसहाच्या रेषेपुढे आहे, दुसऱ्या लॅबमध्ये केलंस तरी ७.० आलंच. बायकांच्या रिपोर्टात मी आधी हिमोग्लोबिन बघतो, कारण अंगात लोह कमी असलं की एचबीए१सी उगाच वर दिसू शकतं. तुझं हिमोग्लोबिन १२.६ आहे, तेव्हा ती पळवाटही फारशी उरत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत तिच्यावर जी साखर चिकटते ती एचबीए१सीचा आकडा सांगतो. आदल्या दिवशी गोड सोडून तो फसत नाही. लॅबमध्ये काम करताना असं करून येणारे मी खूप पाहिले, उपाशीपोटीची छान यायची आणि एचबीए१सी सगळं सांगून जायचं.

दुसरं तुझं म्हणणं, "मी तर बारीक आहे." या प्रश्नावर मोठं काम झालं ते तुझ्याच पुण्यात. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी त्या मानाने टिकून, आणि मार बसलेला स्नायूंना. पुढे २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच! तुझे ५४ किलो मला म्हणूनच दिलासा देत नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ८६ टक्के लोक वर्षभरात गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. तुझ्या ऑफिसमधला तो मित्र तुला हेच ऐकवतोय ना? पण ती माणसं बीएमआय २७च्या पुढची होती. त्यांचं गणित तुला लावून उपाशी राहू नकोस, तुझा आहे तोही स्नायू जाईल. आणि दुसरं, तू ३६ वर्षांची आणि बारीक आहेस, तेव्हा डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं) आणि जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलंय का ते कळतं) या तपासण्यांबद्दल विचार. आपल्या घरात आजीला होता, मला आहे, म्हणजे टाइप २च असणार. पण क्वचित मोठ्या वयातही टाइप १सारखा प्रकार हळूहळू सुरू होतो आणि त्यात इन्सुलिन लागतं. तिथे नुसती भाकरी कमी करून भागत नाही.

आता भाकरीकडे येतो. तुझ्या आईचा यावर राग आहे, कारण तिच्या मते ज्वारी म्हणजे औषध. मंगळवेढ्याची माळदांडी, तव्यावरून उतरलेली, वर शेंगाचटणी आणि तेल, यापुढे मला तरी दुसरं काही सुचत नाही. पण मी एकदा आईची परात स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एका भाकरीला पाऊणशे ग्रॅम पीठ लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, म्हणजे पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग. गव्हात ६४, बाजरीत ६२, तांदळात ७८. म्हणजे एका भाकरीत पन्नास ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजलीस तर दहा चमचे साखर. भाकरीत चोथा आहे, ती साखरेइतकी भरभर चढत नाही हे खरं, पण चढते. दोन भाकऱ्या, वर भात आणि "आम्ही साखर बंद केली" असं म्हणणारे निम्मे सोलापूरकर आहेत.

आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीचा २०२५ साली आलेला अभ्यास हेच सांगतो. आपण भारतीय सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो. मैदा आणि पांढरा भात काढून त्याजागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ घातलं, पण एकूण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकं थोडी काढून तिथे डाळी-कडधान्यांतलं किंवा दुधातलं प्रथिन आणलं तेव्हा तो कमी दिसला. तेव्हा 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या पाकिटांवर पैसे घालवू नकोस.

मग खायचं काय? दिवसाला शंभर ते एकशेतीस ग्रॅम कर्बोदकांत बसेल एवढं धर. कीटोवाले वीस-तीस ग्रॅमवर जातात. ते तुझ्या डब्यात आणि तुझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकात चार दिवस टिकणार नाही आणि पाचव्या दिवशी तू पावभाजी खाशील. एका वेळेला अर्धी भाकरी किंवा एक फुलका, त्यावर नाही. ताट रिकामं वाटू नये म्हणून मटकीची नाहीतर चवळीची उसळ वाटीभर, मेथी, शेपू, दोडका, पडवळ, वांग्याचं भरीत हवं तेवढं, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, पनीर किंवा दोन अंडी, शेवटी ताक. डाळीत आणि बेसनातही कर्बोदकं आहेत, म्हणून पिठलं आहे तर उसळ नको, दोन्हीतलं एक. आणि खाण्याचा क्रम बदल. आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी, भाकरी सगळ्यांत शेवटी. तेच ताट, पण साखर कमी चढते. हे करायला एक पैसा लागत नाही, तरी सांगितलं की लोक हसतात.

सकाळचे पोहे सोड म्हणत नाही, रविवारी खा, छोटी वाटी, सोबत उकडलेलं अंडं. सोमवार ते शनिवार पनीरची भुर्जी किंवा मुगाचं एखादं धिरडं. गुरुवारचा उपास मात्र बघ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. देवाला चालत असेल, तुझ्या स्वादुपिंडाला चालत नाही. उपास करायचाच तर दही, काकडी, भाजलेले शेंगदाणे. फळ खायचं तर पेरू. रस कुठल्याच फळाचा नको.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस, मीटरवर ठेव. या पत्रातली मुख्य गोष्ट ही. ग्लुकोमीटर घे. आधी साबणाने हात धुऊन कोरडे कर, कारण आंबा किंवा संत्रं खाऊन तसंच बोट टोचलं तर तीनशेसुद्धा दाखवतो. मी लॅबमध्ये असे घाबरलेले लोक हात धुवायला लावून परत पाठवलेत. बोटाच्या कडेला टोच, मधोमध नाही, तिथे जास्त दुखतं. बोट पिळू नकोस. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लाव, दमट हवेत स्ट्रिप खराब होतात. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बघ. वहीत ताटात काय होतं ते लिही, पुढे दोन्ही आकडे. दोन तासांनी १८०च्या आत असावी, १४०च्या आसपास आली तर मला फोन कर, मी आईला पेढे (एकच) देईन. लॅबच्या आणि मीटरच्या आकड्यात दहा-पंधरा टक्के फरक पडतो, त्यावरून भांडू नकोस. इडली कुणाला चालते, कुणाला भात चालतो. तुला काय चालतं ते दोन आठवड्यांत तुझीच वही सांगेल. माझ्या वहीत बाजरीपेक्षा ज्वारी जास्त चढते. तुझं उलटही असेल.

सकाळी उपाशीपोटी साखर आदल्या रात्रीपेक्षा जास्त दिसली तर "मी तर काही खाल्लं नाही" म्हणून चिडू नकोस. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं. ती सगळ्यांत शेवटी ताळ्यावर येते.

व्यायामाचं. खाल्लेली साखर साठवायचं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि तुझं कोठारच लहान आहे. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्याचा फायदा पुढचा दिवसभर, कधी दोन दिवसही राहतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं हा सगळीकडे सांगितला जाणारा हिशोब आहे, पण मी तुला वेगळं सांगतो. जेवण झालं की भांडी तशीच ठेव आणि पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाल. सकाळी टेकडीवर एक तास जाऊन दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा जेवणानंतरची ती पंधरा मिनिटं जेवणानंतरचा आकडा जास्त खाली आणतात. तुझा तोच बिघडलाय. आणि आठवड्यातून तीनदा जोर लागेल असं काही. जिमला जायला लाज वाटते तर घरीच उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, दोन पाण्याच्या बाटल्या. मी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आलो की खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतो. आई हसते. हसू दे.

गोळीबद्दल. मेटफॉर्मिन ५०० आहे, ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. तिने एकटीने साखर फार खाली सहसा जात नाही, तेव्हा जेवण कमी करताना घाबरू नकोस. बरीच वर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं, तू मांस खात नाहीस, तेव्हा तेही अधूनमधून तपास. पण पुढे डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी लावली तर "मी भाकरी अर्धी केली आहे" हे आधी सांगायचं, नाहीतर साखर सत्तरच्या खाली जाऊन घाम फुटेल. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांपैकी काही लावलं तर आणखी सांभाळून. त्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं अगदीच तोडली तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर मीटर बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (हे प्रथिन मूत्रपिंडाची हालत सांगतं) आत्ताच एकदा तपासून घे, पुढे दरवर्षी.

सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न तू विचारलास. काहीच सांगू नकोस. होळीची पोळी अर्धी घे, तुपाशी खा आणि लगेच चालायला जा. आख्ख्या घराला पथ्य लावायला गेलीस की घर विरुद्ध जातं, हे मी आपल्याच घरात बघितलंय. जावईबापूंना मात्र वही दाखव. त्यांचंही पोट सुटलंय, त्यांची पण साखर एकदा तपासून घ्या.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय. शेंगाचटणी आणतो, गूळ न घातलेली. कडक भाकऱ्या आई बांधणारच, त्या जावयांसाठी. एचबीए१सी तीन महिने झाल्याशिवाय पुन्हा करू नकोस, पैसे वाया जातील. वही तेवढी सुरू कर, आजच्या रात्रीच्या जेवणापासून, आणि पहिला आकडा कितीही आला तरी मला कळव.

तुझा,
बाबा