तलावाचे वर्ष मृगात सुरू होते : मा. जिल्हाधिकारी, नागपूर यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
नागपूर

सविनय नमस्कार.

रामटेक तालुक्यातल्या एका तलावकाठच्या गावात माझे शिवणकामाचे दुकान आहे. दुकानाच्या भिंतीला एक काळा फळा टांगलेला असतो. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्यावर खडूने गावच्या बातम्या लिहितो. कोणाकडे तेरवी आहे, रेशनचे धान्य कधी येणार, बस का आली नाही, हाटात धानाचा भाव काय निघाला, असे सगळे. फळा रोज पुसला जातो म्हणून तोच मजकूर मी रजिस्टरमध्ये उतरवून ठेवतो. अशी एकोणीस रजिस्टरे आज माझ्याकडे आहेत. त्यांच्याच भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. टपालाने पाठवलेल्या अर्जात गाव, गट क्रमांक, सह्या सगळे आहे. इथे नाव लिहिले की सारे बोट एका कार्यालयाकडे, बहुधा एखाद्या कनिष्ठ अभियंत्याकडे वळेल, त्याच्याकडून खुलासा मागितला जाईल आणि विषय तिथेच मिटेल. आमच्या तलावावर जे झाले ते दुसऱ्या कुठल्याही तलावावर होऊ शकते, म्हणून आपल्याशी बोलायचे आहे.

आमचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातला. अशांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. आमच्याकडे पाळ म्हणजे बांध, सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट आणि तुडूम म्हणजे पाणी सोडायचे दार. पाळीवर कडुनिंब आणि आंब्याची जुनी झाडे आहेत. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे शेते. पलीकडच्या काठाला ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची घरे.

या तलावाचे वर्ष कसे जाते ते रजिस्टरांतून सांगतो. एकोणीस वर्षांत तारखा मागेपुढे झाल्या, क्रम कधी बदलला नाही.

मृग लागतो तेव्हा पाणी तळाशी असते. आर्द्रात ते चढू लागले की फळ्यावर पहिली ओळ येते : ‘शिंगाड्याची लागवड सुरू’. ढिवरांच्या बाया वेलाच्या जुड्या घेऊन कमरेएवढ्या, कधी छातीएवढ्या पाण्यात उतरतात. हात तळापर्यंत पोचत नाही, म्हणून पायाच्या अंगठ्याने वेलाचे मूळ चिखलात दाबतात. तासन्‌तास पाण्यात उभे राहून एकेक वेल लावायचा. त्याच दिवसांत पाळीच्या खाली पऱ्हे उपटून रोवणी चालू असते. पाळीवर उभे राहिले की एका अंगाला पाण्यात वाकलेल्या बाया दिसतात आणि दुसऱ्या अंगाला चिखलात वाकलेल्या.

श्रावणात तलाव भरतो. ‘काल रात्री सलंग निघाली’ ही फळ्यावरची सर्वांत आवडती बातमी. ती लिहिली की दुकानासमोर कोणी थांबत नाही, सगळे तलावाकडे निघतात. वाहत्या पाण्यात उलटे चढणारे मासे पोरे जुन्या लुगड्यात धरतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजल्या पाण्यात सोडतात. टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपे डोक्यावर घेऊन पोरी येतात, रोपे शिरवून माती पाण्यात सोडतात आणि उरलेली रोपे घरोघरी वाटून मोठ्यांच्या पाया पडतात. मग आठव्या दिवशी कान्होबा. कुंभाराकडून आणलेली मातीची मूर्ती रात्रभर पुजायची आणि दुसऱ्या दिवशी तलावात न्यायची. पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांपैकी तलावाशिवाय काहीच पुरे होत नाही. प्लास्टरच्या मूर्ती गेली काही वर्षे आम्ही तलावात जाऊ देत नाही. पाळीच्या मागे खड्डा खणून त्यात टाकतो. त्यासाठी फळ्यावर चार वर्षे तेच तेच लिहावे लागले, पण लोकांनी ऐकले.

भादव्याच्या पौर्णिमेपासून भुलाबाई बसते. हे पत्र लिहीत असताना मागच्या गल्लीत पोरींची गाणी चालू आहेत आणि खिरापत ओळखण्यावरून भांडणही चालू आहे. तलाव सध्या शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला आहे. त्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी जमिनीवर चालावे तसा चालतो. त्याचे घरटेही त्याच पानांवर असते. महिनाभर पाने खाणाऱ्या भुंगेऱ्याने सगळ्यांची झोप उडवली होती, आता तो आटोक्यात आहे.

कोजागरी झाली की पहिली तोडणी. डोंगे पाण्यात जातात आणि फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहितो : ‘शिंगाडा आला’. पहाटेच्या गाडीने पोती मनसर, कन्हान, कामठीवरून नागपूरला कॉटन मार्केटात जातात. त्रिपुरी पौर्णिमेच्या रामटेकच्या यात्रेत आमच्या बाया उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचे ढीग लावून बसतात. गडावर त्रिपूर पेटते तेव्हा त्यांच्या टोपल्या रिकाम्या झालेल्या असतात, निदान चांगल्या वर्षी तरी. एकाच वेलावर तोडणी पुन्हा पुन्हा होते, मार्गशीर्षापर्यंत चालते. शेवटची फळे मात्र कोणी तोडत नाही. ती वेलावरच टणक होऊ देतात, कारण तेच पुढच्या वर्षाचे बियाणे. ते पाण्यातच जपावे लागते, वाळले की गेले. ही एक गोष्ट आपण कृपया लक्षात ठेवावी, पुढे तिचाच संबंध आहे.

पौषात गव्हा-हरभऱ्याला तुडुमातून पाणी सुटते. उत्तरेकडून पट्टकादंब पक्षी येतात, दिवसभर पाण्याच्या मधोमध बसून राहतात. पाणी उतरू लागले की जाळी पडतात. रोहू, कतला, मिरगल आणि ज्याच्यासाठी पाहुणे थांबून राहतात तो मरळ. फाल्गुन संपता संपता तळ उघडा पडतो. चैत्र-वैशाखात शेतकरी गाळ नेतात. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांना त्यात नवे काही वाटले नाही. ते बैलगाडीने हेच करत आले होते.

आता झाले ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पाळीच्या दगडी पिचिंगचे, म्हणजे पाळीला दगड बसवण्याचे काम मंजूर झाले. काम गरजेचेच होते, पाळ दोन जागी खचली होती आणि अर्ज आम्हीच केला होता. मंजुरी आली त्या दिवशी फळ्याभोवती खडूची वेलबुट्टी काढली होती मी. पण कामाचा आदेश निघाला डिसेंबरात आणि निधी ३१ मार्चच्या आत खर्चायचा होता. पाणी असताना पिचिंग होत नाही. म्हणून एके दिवशी सकाळी मशीन आली आणि तुडूम पूर्ण उघडले गेले. दवंडी नाही, ग्रामसभा नाही. मलासुद्धा फळ्यावर ओळ लिहिता आली नाही, कारण मला कळले तेव्हा पाणी बांध्यांतून नाल्याला लागले होते.

सहा दिवसांत तलाव रिता झाला. शिंगाड्याचे वेल चिखलावर आडवे पडले आणि उन्हाने काळे झाले. बियाण्याची फळे त्यांच्याबरोबर गेली. बाया चिखलात उतरून हाताला लागतील तेवढी घागरींत भरत होत्या. बोटुकली मासे डबक्यांत अडकले, बगळ्यांनी आणि कुत्र्यांनी खाल्ले. गव्हाला एकच पाणी मिळाले होते. पट्टकादंब त्या वर्षी आले की नाही ते मला सांगता येत नाही, कारण तिकडे बघायला कोणी जात नव्हते.

काम ३१ मार्चला थांबले, अर्धे. एप्रिल आणि मे हे दोन महिने, जेव्हा तलाव आपोआप कोरडा असतो, तेव्हा त्यावर एक मजूर नव्हता. गाळाची फाइल वेगळी होती, ती त्या वर्षी निघालीच नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाळीवर टाकलेला सैल मुरूम वाहून तलावातच आला.

पुढच्या मृगात आमच्याकडे बियाणे नव्हते. भंडाऱ्याकडून विकत आणले ते थोडे होते आणि उशिरा पोचले. त्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये ‘शिंगाडा आला’ ही ओळ नाही. कोजागरीनंतर आठ दिवस एक म्हातारी रोज सकाळी फळ्यासमोर येऊन उभी राहायची. तिला वाचता येत नाही. ‘लिहिलं का रे बाबू?’ एवढे विचारायची आणि जायची. या पत्रातले सगळे मी तिच्यासाठी लिहीत आहे म्हटले तरी चालेल.

मला कोणावर चोरीचा आरोप करायचा नाही. ज्याने तुडूम उघडले त्याला ३१ मार्च दिसत होता. आम्हाला मार्गशीर्ष दिसत होता. त्याच्या कागदावर तलावाचे क्षेत्रफळ होते, पाळीची लांबी होती, घनमीटर होते. पाण्यात कोणत्या महिन्यात काय असते याला त्या कागदावर रकानाच नव्हता.

असा रकाना असावा, एवढेच माझे मागणे आहे. आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मालगुजारी १९५१ च्या ३१ मार्चला संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पण गावाच्या वहिवाटी संपल्या नव्हत्या, म्हणून विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदी राहिल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यांची तरतूद आहे आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडेच सोपवलेले आहे. कोणी कोणत्या वाटेने जायचे, पाणी कोणाला कसे मिळायचे, हे आपल्या पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी गावोगाव बसून लिहून घेतले. त्याच धर्तीवर प्रत्येक मामा तलावाचे वर्ष ग्रामसभेत लिहून घ्यावे आणि तलावाच्या कामाच्या प्रत्येक फाइलला ते एक पान जोडणे सक्तीचे करावे. लागवड कधी, तोडणी कधी, बियाणे कधीपर्यंत पाण्यात असते, रब्बीचे शेवटचे पाणी कधी, जाळी कधी. आमच्या तलावाचे पान मी अर्जासोबत जोडले आहे, एकोणीस वर्षांच्या तारखांसह.

दुसरे म्हणजे, जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपण आहात. तलावांच्या कामांना मंजुरी पावसाळ्यात मिळाली तर निविदा हिवाळ्यात उरकेल आणि काम फाल्गुनात उभे राहील, पाणी उतरलेले असताना. गाळ आणि पाळ एकाच उन्हाळ्यात व्हावेत. शेतकरी गाळ न्यायला आपले ट्रॅक्टर घेऊन तयारच असतात. आणि तुडूम उघडण्याआधी पंधरा दिवस दवंडी व्हावी, ढिवरांच्या संस्थेची लेखी संमती असावी. फळ्यावर लिहायला मी आहेच.

शहरातल्या वाचकांना हा खेड्यापाड्याचा प्रश्न वाटेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा सलंग म्हणजे काय हे शहरालाही कळले होते. माझी बहीण तिकडे राहते. पलंगावर उभी राहून तिने मला फोन केला होता.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. पिचिंगचा उरलेला टप्पा मंजूर झाल्याचे ऐकतो आणि काम डिसेंबरात सुरू होणार असेही ऐकतो. दोन वर्षे मागून-आणून, जपून जपून बायांनी यंदा पुन्हा अर्धा तलाव लावला आहे. काम आम्हाला हवे आहे. ते फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू करा, त्याआधी पाण्याला हात लावू नका. यासाठी आपला एका ओळीचा आदेश पुरेसा आहे.

आणि शक्य असेल तर पहिल्या तोडणीला या. कोजागरीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहा ते आठ. डोंगे त्या वेळी पाण्यात असतात. गाडी पाळीपर्यंत येते, पुढे थोडे चालावे लागते.

आपला विश्वासू,
फळा लिहिणारा एक शिंपी
रामटेक तालुका, जि. नागपूर