टेनवेकच्या भूल देणाऱ्या सिस्टरना

ख्रिस्तात प्रिय सिस्टर,

सप्रेम सलाम.

तुम्हाला इंग्रजीत पत्र पाठवलं, तुमचं दोन ओळींचं उत्तरही आलं. तरी हे दुसरं मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण परत आल्यापासून इथे माझेच सत्कार चाललेत. मंडळीत शाल झाली, श्रीफळ झालं, ‘आफ्रिकेत सेवा करून आलेले डॉक्टर’ म्हणून भाषणं झाली. भाषणात मी तुमच्याबद्दल सांगतो, लोक माना डोलावतात आणि नंतर फोटो माझ्याबरोबर काढतात. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं ठिकाणाबद्दल. टेनवेक हॉस्पिटल केनियाच्या बोमेट काउंटीत आहे. नैरोबीहून नारोकमार्गे गेलं की अर्धा दिवस गाडीतच जातो. आसपास टेकड्या, चहाचे मळे, आणि उंची दोन हजार मीटरच्या घरातली, त्यामुळे विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही रात्री दोन पांघरुणं लागतात. वर्ल्ड गॉस्पेल मिशनने इथलं काम 1937 साली सुरू केलं. पहिले डॉक्टर, अर्नेस्ट स्ट्युरी, आले 1959 साली. तोवरची बावीस वर्षं हा दवाखाना नर्सेसनी चालवला, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि तुमच्याकडे पाहून पटलंही. जवळच न्यान्गोरेस नदीचा धबधबा आहे, त्यावर हॉस्पिटलने स्वतःचा वीजप्रकल्प उभारलाय. ऑपरेशन थिएटरमधला दिवा त्या पाण्यावर जळतो, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

मी मिरजेकडचा. आमच्या भागात डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उघडलं. त्या हॉस्पिटलच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. त्यातही सगळं सर्जनचंच कौतुक असायचं. साहेबांनी कुठली गाठ काढली, साहेबांनी कुणाचे डोळे उघडले. भूल कोण देत होतं, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

भूल एक नर्स देणार, हे मला पहिल्या दिवशी जड गेलं, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे त्या जागी एमडी झालेला भूलतज्ज्ञ असतो. केनियात भूलतज्ज्ञ डॉक्टर फार थोडे, म्हणून नर्सेसना खास शिक्षण देऊन तयार करतात. तुम्ही ते किजाबेच्या मिशन हॉस्पिटलात घेतलंत. माझ्या चेहऱ्यावरची शंका तुम्ही बघितली असणार. बोलला नाहीत. पहिल्या पेशंटच्या पाठीत स्पायनल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारी सुई, दिलीत, मान वर केलीत आणि म्हणालात, “आता प्रार्थना करू, डॉक्टर.”

तो तिथला शिरस्ता. चिरा देण्याआधी हात जोडायचे. कधी स्वाहिलीत, कधी तिथल्या किप्सिगिस बोलीत, आणि पेशंट जागा असेल तर त्याचा हात तुमच्या हातात. दारावर लिहिलेलं असतं की उपचार आम्ही करतो, बरं येशू करतो. हे वाक्य आळसाला पांघरूण घालायलाही वापरता येतं, मी तसं वापरलेलं दुसरीकडे पाहिलंय. तुम्ही मात्र ‘आमेन’ म्हणून झालं की सक्शन, म्हणजे घशातलं आणि जखमेतलं पाणी-रक्त ओढून घेणारं यंत्र, चालू आहे का ते पुन्हा एकदा तपासायचात.

दिवस कसा जायचा, हे लोक फार विचारतात. सकाळी उपासना, मग राउंड, मग थिएटर, आणि थिएटर कधी संपेल ते देव जाणे. मांडीचं हाड मोडलेले पोरगे रोज यायचे, बहुतेक बोडा-बोडावरून पडलेले. म्हणजे तिथली भाड्याची मोटारसायकल. त्यांच्यासाठी साइन नेल असते, म्हणजे हाडाच्या आत घालायची धातूची सळई, जी सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राशिवाय हाडात स्क्रूने लॉक करता येते. आतड्याला पीळ पडलेले, टायफॉइडने आतडं फुटलेले, चुलीजवळ भाजलेली लेकरं.

आणि अन्ननलिकेचा कर्करोग. त्या भागात तो इतका आहे की तिशीच्या आतले पेशंटही बघितले. का, यावर अजून संशोधन चालू आहे. माणूस येतो तेव्हा भाकरतुकडा कधीच बंद झालेला असतो, थुंकीही गिळवत नाही. बहुतेकांना आम्ही दुर्बिणीतून जाळीची धातूची नळी बसवायचो, स्टेंट. ती आत गेल्यावर आपोआप उघडते. रोग तिथेच राहतो, पण माणूस उपाशी मरत नाही. अशा पेशंटला गुंगी देणं किती जोखमीचं, हे मला तुमच्याकडून कळलं: अडलेल्या जागेच्या वर अन्न साठलेलं असतं, ते श्वासनलिकेत गेलं की संपलं. तुम्ही त्याचं डोकं उंच ठेवायचात, एक हात सक्शनवर, एक नाडीवर, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत राहायचात. कुठल्या गावचा, गाई किती, मुलगी कुठल्या शाळेत. मला वाटायचं, गप्पा मारताय. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, तो नीट उत्तर देतोय तोवर त्याचा श्वास ठीक आहे, हे तुम्ही त्यातून मोजत होतात.

त्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय.

गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून एक बाई आली. पोट रक्ताने टम्म, बीपी मिळेना, डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक. तिच्या गटाचं रक्त पेढीत नव्हतं. मी हात धुवायला निघालो तेव्हाच तुम्ही स्टरलाइज केलेलं गॉज, स्टीलची मोठी वाटी आणि रक्त गोठू न देणारं सायट्रेट असलेली रिकामी रक्ताची पिशवी मांडून ठेवली होती. पोटातलंच रक्त गाळून पुन्हा शिरेत द्यायचं, हे मी शिकताना वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं. आमच्याकडे आता वेळच येत नाही.

तुम्ही भुलीचं केटामाइन दिलंत आणि शांतपणे सांगितलंत, “सक्शन लावू नका, डॉक्टर, पेशी फुटतात. वाटीने काढा.” मी वाटीने काढत गेलो, दुसरी सिस्टर गॉजच्या घड्यांतून गाळत गेली, तुम्ही पिशवी हाताने दाबून चढवत होतात. ताजं रक्त, आतड्याला इजा नाही, म्हणून हे चाललं. मी नलिका बांधली, आणि पुढच्या काही मिनिटांत तुम्ही म्हणालात, “नाडी हाताला लागतेय.” दरम्यान तुम्ही कुणाला तरी नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाकडे पिटाळलं होतं. आम्ही पोट शिवत होतो तेव्हा दोन विद्यार्थिनी दंडाला कापूस लावून बाहेर बसल्या होत्या, झोपेत, रक्त देऊन झालेल्या. त्यांचे आभार तुम्ही मानलेत का? मी नाही मानले, राहूनच गेलं. हे वाचून कुणी कळवलं तर बरं.

बाई चालत घरी गेली. फाइलवर सर्जन म्हणून माझी सही आहे.

पाहुण्या सर्जनांबद्दल माझं मत आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आम्ही येतो, मोठ्या शस्त्रक्रिया करतो, आणि टाके पिकायच्या आत विमानात बसतो. पिकलेली जखम बघायची तुम्ही. काही पाहुणे मदतीपेक्षा ओझंच जास्त असतात. त्यांच्यासाठी थिएटरची यादी हलवायची, जेवणाची सोय बघायची, वर त्यांची हौस. तुम्ही अशा कितीजणांना निभावलंय कोण जाणे. माझ्याकडून काय करून घ्यायचं आणि काय नाही, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. हर्निया आणि गलगंड माझ्या यादीवर. दिवसभर चालणारी अन्ननलिकेची शस्त्रक्रिया तिथल्या सर्जनकडे, मी मदतनीस. सगळ्यात जास्त वेळ तर तुम्ही मला शिकाऊ सर्जनांबरोबर उभं केलंत. ती मुलं पॅक्सच्या, म्हणजे आफ्रिकेत ख्रिस्ती सर्जन तयार करणाऱ्या संस्थेच्या, कार्यक्रमात शिकताहेत, आफ्रिकेतच राहून सर्जन होणार आहेत. त्यांना माझी हर्नियाची पद्धत आली, म्हणजे मी गेल्यावरही ती तिथे राहिली. हे नियोजन कुठल्याही कागदावर नव्हतं. आभार मुख्यतः त्याचे आहेत.

पुढच्या पावसाआधी आमच्याकडचे एक हाडांचे सर्जन तिकडे येताहेत. माणूस चांगला आहे, थोडा घाई करतो. लहान मुलांच्या लॅरिंगोस्कोपची (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचं उपकरण) पाती तुम्ही मागितली होतीत, ती त्यांच्याबरोबर देतोय. बल्ब जास्तीचे घातलेत. स्वेटर घ्यायला मी सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगालच.

आपला,
मिरजेकडचा पाहुणा डॉक्टर