मेंदूभोवतीचा रक्तस्राव: शस्त्रक्रियेनंतरचे दोन आठवडे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णावर यशस्वी शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. सांगली-मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला त्या वाचून आनंद होतो. मात्र बातमी ‘यशस्वी’ या शब्दावर थांबते आणि धोका टळला असा समज करून नातेवाईक निर्धास्त होतात, म्हणून हे पत्र.

मार लागलेला नसताना मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते, तेव्हा सुमारे 85 टक्के रुग्णांत धमनीवर आलेला फुगा फुटलेला असतो. बाहेरून क्लिप (छोटा चिमटा) लावून किंवा आतून कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) भरून तो बंद केला की पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. परंतु सांडलेले रक्त तिथेच असते. ते विरघळू लागते तसतशा, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, मेंदूच्या धमन्या आकसू शकतात, सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाहही बिघडतो, आणि शस्त्रक्रियेनंतर बोलू लागलेला रुग्ण पुन्हा गुंगीत जातो किंवा त्याचा एक हात लुळा पडतो.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के, पण विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. पुरवठा घटला की पेशी प्राणवायूविना साखर मोडू लागतात, त्यातून तयार होणारे लॅक्टेट वाढते, कार्बन डायऑक्साइड वाहून न जाता साचतो आणि ऊतींची आम्लता वाढत जाते. मेंदूत बसवलेल्या अत्यंत बारीक संवेदकाने हे मोजता येते. ऊतींतील प्राणवायूचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 20 ते 35 मिलिमीटर असतो. तो 20 च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. शस्त्रक्रियेत धमनीला तात्पुरती क्लिप लावल्यावर काही मिनिटांतच प्राणवायू उतरताना, कार्बन डायऑक्साइड चढताना आणि सामू (पीएच, जो आम्लता वाढली की उतरतो) घसरताना अशा संवेदकांवर दिसलेला आहे.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर 98 आकडा दिसला की बाहेर बसलेल्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तो आकडा धमनीतील रक्तात प्राणवायू किती भरला आहे एवढेच सांगतो. ते रक्त मेंदूच्या त्या भागापर्यंत पोहोचते की नाही, हे त्यावरून कळत नाही. व्हेंटिलेटरचेही तसेच आहे. श्वासांचा वेग वाढवला तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, वाहिन्या आकसतात, कवटीतील दाब कमी होतो, पण त्याच वेळी आधीच उपाशी असलेल्या भागाचे रक्त आणखी तुटते. म्हणून हा वेग फार तारतम्याने ठरवावा लागतो. ताप आणि रक्ताची कमतरता यांचीही अशा वेळी उपेक्षा परवडत नाही.

हा संवेदक महागडा आहे, सर्वत्र मिळत नाही, आणि तो ज्या जागी बसवला तेथपुरतेच सांगतो. त्यामुळे खरा भरवसा वारंवार होणाऱ्या तपासणीवर असतो. सिस्टर येतात, टॉर्चने बुबुळे पाहतात, दोन्ही हात उचलायला लावतात, आज वार कोणता ते विचारतात. “झोपू द्या की त्यांना, सारखं काय उठवताय?” असे नातेवाईक चिडून म्हणतात, तेव्हा त्यांचा राग मला समजतो, पण हात किंचित खाली येतोय हे वेळेवर कळले तर पुढचे अपंगत्व टाळण्याची संधी मिळते. धमन्या आकसण्याच्या या काळात मेंदूची हानी कमी करण्यासाठीचे निमोडिपिन हे औषधही सहसा दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, 21 दिवस द्यायचे असते. घरी सोडल्यावर रात्रीची गोळी चुकवली जाते, किंवा रक्तदाबाची जुनी गोळी कोणालाही न विचारता सुरू केली जाते. या दिवसांत दाब एकाएकी उतरणे घातक ठरू शकते.

रुग्णालयांनी या दोन आठवड्यांत काय पाहायचे, कोणते औषध किती वाजता द्यायचे आणि काय दिसल्यास तत्काळ परत यायचे, याचे एक पान सोप्या मराठीत छापून दाखल होतानाच नातेवाइकांच्या हाती द्यावे, अशी विनंती आहे. आपल्या आरोग्य पुरवणीतही ही माहिती यावी, आणि तिच्यासोबत हेही छापावे की क्षणार्धात सुरू होऊन शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी पित्ताची समजून घरी काढू नये. जत-आटपाडीकडच्या रुग्णाचे निम्मे तास वाटेतच जातात. तिथे 108 ला लगेच फोन व्हायला हवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, विश्रामबाग, सांगली