वॉफलचं मशीन टेबलावर मांड

ट्रॉय, न्यूयॉर्क
२८ मार्च

प्रिय शुभे,

तुझं पत्र मिळालं. सईने पहिल्या पगारातून घरी वॉफलचं मशीन आणलं हे वाचून मन भरून आलं. आपल्या हाताखाली वाढलेली पोरगी आता कुडाळच्या घरी पुण्याहून काहीबाही घेऊन येते! पण पुढचं वाचलं आणि राहवेना. वॉफल मऊ पडतात, त्यांना बेकिंग पावडरचा वास येतो, आणि सगळ्यांना गरम वाढता वाढता तुझ्या वाट्याला शेवटचं गारढोण येतं. पहिल्या दोन गोष्टी पिठाच्या आणि विस्तवाच्या आहेत, त्या सोप्या. तिसरी माझ्या जिव्हारी लागली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी ते पाकिटातलं तयार मिक्स बंद कर. त्यात बेकिंग पावडर असते. ती काही मिनिटांत पीठ फुगवते, पण चव अशी काही देत नाही. बेकिंग पावडर घरोघर पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी वॉफलचं पीठ यीस्ट घालून आंबवायचे, नाहीतर अंड्याचा पांढरा भाग फेसून हलकं करायचे. मी यीस्टचंच करते आणि तूही तेच करावंस असं मला मनापासून वाटतं. आंबवणं तुला काय शिकवायचं! आंबोळ्यांचं पीठ हात घालून नुसतं ढवळलं तरी ते उद्या कसं येणार हे तुला कळतं. इथे फरक एवढाच की तांदूळ-उडदाचं पीठ आपलं आपण आंबतं, मैद्याला यीस्ट घालावं लागतं.

रात्री मोठं पातेलं घे. खरंच मोठं घे, कारण पीठ दुपटीच्या वर जातं. त्यात अर्धा कप कोमट पाणी आणि दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. मग दोन कप कोमट दूध, ११५ ग्रॅम वितळवलेलं लोणी, एक छोटा चमचा मीठ, तेवढीच साखर, आणि दोन कप म्हणजे साधारण २५० ग्रॅम मैदा. कप २४० मिलिलिटरचा धर. दूध बोटाला सोसेल इतपतच कोमट हवं, नाहीतर यीस्ट मरतं. बाजारातलं खारं लोणी असेल तर मीठ निम्मं कर. घरचं लोणी असेल तर उत्तमच. तूप घालणार असशील तर ९० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो आणि तुपात तो नसतो. गुठळ्या मोडेपर्यंत फेट आणि झाक.

आता तुझ्या हवामानाचं. इथे थंडीत मी पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवते. कुडाळच्या उकाड्यात दुधाचं पीठ रात्रभर बाहेर ठेवू नकोस. तासाभरात वर बुडबुडे दिसायला लागले की सरळ फ्रिजमध्ये ठेव. तिथे ते हळूहळू मुरतं आणि चव उलट जास्त चांगली येते. सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढ. ते खाली बसलेलं दिसेल, वास थोडा आंबूस, थोडा ताज्या पावासारखा येईल. मग दोन अंडी फेटून घाल आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. सोडा इथे दोन कामं करतो: रात्रीत आलेला आंबटपणा जरा कमी करतो आणि वॉफलला खरपूस रंग आणतो. एवढं झालं की पीठ पातळ दिसतं. तसंच असू दे, वरून मैदा घालू नकोस.

सासूबाई अंडं खात नाहीत हे माझ्या लक्षात आहे. त्यांच्यासाठी अंडं घालण्याआधीच पीठ वेगळं काढ, त्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉर आणि थोडं दही घाल, आणि त्यांचे वॉफल सगळ्यांच्या आधी कर. अंड्याविना ते थोडे कमी फुलतात, पण कुरकुरीत होतात.

मऊ पडण्याचं म्हणशील तर सगळा खेळ वाफेचा आहे. दोन तापल्या पाट्यांमध्ये पीठ अडकलं की त्यातलं पाणी वाफ होऊन कडेने बाहेर पडतं. जोवर वाफ जोरात येते आहे तोवर आत ओल आहे. त्या वेळी झाकण उचललं तर वॉफल मधोमध फाटतो, अर्धा वर आणि अर्धा खाली. वाफ मंदावून जवळजवळ थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मशीन तापल्याचा दिवा सांगतो त्यानंतरही दोन-चार मिनिटं तापू दे, आणि प्रत्येक वॉफलनंतर पुन्हा तापायला अवधी दे. छोट्या मशीनच्या पाट्या पातळ असतात, थंड पीठ पडलं की त्या चटकन निवतात. आणि काढलेला वॉफल ताटलीत ठेवायचा नाही, एकावर एक तर मुळीच नाही. खालची वाफ त्यातच कोंडते आणि तो घामेजून लोळागोळा होतो. जाळीवर ठेव. पावसाळ्यात तुमच्याकडची हवाच इतकी दमट असते की जाळीवरही तो फार वेळ तग धरणार नाही. तेव्हा तो पाटीवरून थेट खाणाऱ्याच्या ताटात गेला पाहिजे.

म्हणूनच आता तिसऱ्या गोष्टीकडे येते.

शुभे, मशीन ओट्यावरून उचल आणि जेवणाच्या टेबलावर मांड. वायर पोहोचत नसेल तर भाऊजींना टेबल भिंतीकडे सरकवायला सांग. पीठ जगमध्ये भर, डाव तिथेच ठेव, जाळी तिथेच ठेव, आणि तू खुर्चीवर बस. उभी राहू नकोस. एकेक वॉफल होईल तसा ज्याची पाळी त्याच्या ताटात, आणि त्या पाळीत तुझंही नाव. सई एक ओतेल, भाऊजी एक ओततील. पीठ ओतून झाकण लावायला काही कौशल्य लागत नाही.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. शेजारच्या आजींकडे एक जुनं मशीन आहे, गोल, क्रोमचं, आरशासारखं चकचकीत, दोन्ही बाजूंना काळ्या मुठी. एवढं नटवलेलं का, म्हणून मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते स्वयंपाकघरात ठेवायचं नव्हतंच, टेबलावर पाहुण्यांसमोर ठेवायचं होतं. आणि खरंच तसं आहे. विजेवरची वॉफलची मशीनं १९१० च्या दशकात आली आणि १९२०-३० च्या सुमाराला ती टेबलावर मांडायची वस्तू म्हणूनच घडवली जात. आजींची आई त्याच मशीनपाशी बसून सगळ्यांना करून घालायची आणि स्वतःही खायची. मी तो टेबलाचा रिवाज तिथून उचलला. आपल्याकडच्या किती घरांत करणारी बाई शेवटी, एकटी, थंड झालेलं खाते! माझी आई तशीच खायची, तुझी आईही. तू तसं खाऊ नयेस.

मी राहते ते गाव या वस्तूशी फार जवळचं आहे, हे तुला सांगितलं नव्हतं. ट्रॉय हडसन नदीच्या पूर्व काठावर आहे. खालच्या अंगाला, नदीपलीकडे ऑल्बनी. तिथे डच लोकांनी १६२४ मध्ये फोर्ट ऑरेंज नावाचा किल्ला बांधला. १६६४ मध्ये हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला, पण डच कुटुंबं राहिली आणि वॉफलही राहिला. लांब दांड्याचे दोन लोखंडी तवे, मध्ये पीठ, आणि सगळं चुलीच्या विस्तवात धरायचं, अशी ती जुनी रीत. पुढे ट्रॉय लोखंडाचं आणि चुलींचं शहर झालं. इथल्या ओतकामाच्या कारखान्यांतून बिडाच्या शेगड्या लांबलांब जात. मग २४ ऑगस्ट १८६९ रोजी ट्रॉयच्याच कॉर्नेलियस स्वार्टवाउट याला शेगडीवर ठेवायच्या वॉफलच्या साच्याचं पेटंट मिळालं. हात न भाजता, साचा न घसरता तो उलटता यावा अशी बिजागरी आणि मूठ त्याने जोडली होती. अमेरिकेत अजून २४ ऑगस्टला वॉफल दिवस पाळतात. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. रोज कुणाचा तरी हात भाजत होता, ते त्याने थांबवलं.

सईच्या खोक्यावर ‘बेल्जियन’ लिहिलं आहे ना? तिला सांग, बेल्जियममध्ये वॉफल सहसा न्याहारीला नसतो, तो दुपारी किंवा रस्त्यात उभ्याने खायचा पदार्थ. ब्रसेल्सचा आयताकृती, हलका, वरून पिठीसाखर. लीएजचा जाड, पावाच्या कणकेसारख्या पिठाचा, आत साखरेचे खडे, ते पाटीला लागून करपट गोड होतात. अमेरिकेत तो ‘बेल्जियन’ म्हणून गाजला १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, स्ट्रॉबेरी आणि फेसलेल्या सायीसकट. खोल चौकोनांच्या मशीनला तेव्हापासून ते नाव चिकटलं आहे. न्याहारीचा वॉफल मात्र इकडचा, घरातला.

आणि भाऊजी पळायला जातात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. नाइकीच्या बुटांचा तो खाचांचा तळवा ओरेगॉनच्या बिल बॉवरमन या धावण्याच्या प्रशिक्षकाला १९७१ मध्ये न्याहारीच्या वेळी सुचला. त्यांनी बायकोच्या वॉफलच्या साच्यातच रबरासारखं रसायन ओतलं. साचा कायमचा चिकटून बसला. बूट जगभर गेले. बायकोला नवीन साचा लगेच आणून दिला असेल अशी माझी आशा आहे.

वरून काय घालायचं यावर मी ठाम आहे. तुमच्याकडे दुकानांत मिळणारा चॉकलेटात बुडवलेला वॉफल संध्याकाळी खायला ठीक, पण सकाळी तो नको. रात्रभर मुरलेल्या पिठाची चव त्यात पार बुडते. लोण्याचा एक तुकडा आणि वर मेपल सिरप, बस्स. आत्ता मार्च आहे, म्हणजे इथे सिरपचा हंगाम. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं असे दिवस आले की मेपलच्या झाडांना रस सुटतो. पाहायला गेलं तर तो पाण्यासारखाच, जेमतेम दोन टक्के साखरेचा. साधारण चाळीस लिटर रस आटवला तेव्हा एक लिटर सिरप. मार्चअखेरीस इथले शेतकरी आपापली आटवायची खोपटी लोकांना उघडी ठेवतात. आम्ही गेल्या आठवड्यात गेलो होतो. आत शिरले तर थेट आपलं गुऱ्हाळ: लांबट काहिली, खाली लाकडांचा जाळ, छपरातून निघणारी गोड वाफ, आणि कढ उतू जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभा असलेला माणूस. ही विद्या इथल्या मूळ रहिवाशांची. गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून ते मेपलचा रस काढत आले आहेत.

डिसेंबरात नणंद भारतात येते आहे, तिच्याबरोबर बाटली पाठवीन. गडद रंगाचं पाठवीन, त्याची चव वॉफलवर जास्त टिकते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेव, बाहेर त्याला बुरशी येते. तोवर कोल्हापुरी काकवी वापर. मी तडजोड म्हणून सांगत नाही. काकवीला लोखंडाची आणि मातीची जी किंचित चव असते ती या आंबूस पिठाशी फार जमते. मे महिन्यात हापूसच्या फोडी आणि ताजी साय. बाकी काही नको. आणि थालीपिठाचं पीठ त्या मशीनमध्ये घालायचा विचार सई करत असेल तर तिला अडव. थालीपिठाला तवा हवा, मधलं भोक हवं आणि त्या भोकात सोडलेलं तेल हवं.

उरलेले वॉफल पूर्ण गार करून गोठव आणि टोस्टरमध्ये गरम कर. छान होतात. कॅलिफोर्नियातल्या डोर्सा बंधूंनी १९५३ मध्ये गोठवलेले वॉफल दुकानांत आणले ते याच गुणावर. घरचे गोठवलेले त्याहून कितीतरी सरस. मंगळवारी सकाळी तुझी बस गाठायची घाई असते, तेव्हा उपयोगी पडतील.

मशीनची काळजी: पाटीवर स्टीलचा चमचा किंवा सुरी लावू नकोस, लाकडी उलथनं घे. डबीतला फवारा मारायचं तेल नको, त्याचा चिकट थर बसतो. साधं तेल ब्रशने लाव, तेही सुरुवातीलाच. पिठात लोणी भरपूर आहे. पाट्या निघत नसतील तर धुऊ नकोस, कोमट असताना ओल्या फडक्याने पूस.

आणि इथून मोठं मशीन पाठवू का असं विचारलं होतंस, तर नको. इथली वीज १२० व्होल्टची, तुमची २३०. ते तिथे लावलं तर जळेल. सईने आणलेलं पुरेसं आहे. चार माणसांत एकेकाने वाट पाहिली तर काही बिघडत नाही, गप्पा होतात.

येत्या शनिवारी रात्री पीठ भिजव. तुझ्याकडे रविवारी सकाळी आठ वाजतात तेव्हा इथे शनिवारची रात्र साडेदहा असते. मी तेव्हा जागीच असते, माझंही पीठ त्याच वेळी फेटत असते. काही अडलं तर तेव्हाच फोन कर, आणि फोन टेबलावर उभा करून ठेव म्हणजे सगळ्यांशी बोलता येईल. सासूबाईंना नमस्कार. सईला सांग, मावशीने विचारलंय की पुण्याच्या खोलीवर ती न्याहारी करते की नाही. खरं उत्तर हवंय.

तुझी,
नंदा