गुरुजी, त्या पेन्सिलीबद्दल

आदरणीय गुरुजी,

सलाम. आणि तुमच्या पद्धतीने रामकृष्णहरी.

वही परत मिळाल्यापासून हे पत्र लिहायचं मनात आहे, पण कागद पुढ्यात घेतला की डोळे भरून येतात. आज मात्र नेट लावून बसले.

बायबलमधली रूथ, मवाब देशाची विधवा. तिच्यावरचे अभंग घेऊन तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन दारं फिरले होते. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "अभंग विठ्ठलाचे. आपल्या उपासनेत कशाला?" एका नावाजलेल्या कवींनी वही उघडलीच नाही, "हे तुमच्या चर्चमध्ये वाचा," म्हणाले. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून आलं, रेव्हरंड टिळक तर तुकोबांचं बोट धरून ख्रिस्तापर्यंत पोचले. मला परत पाठवणाऱ्या त्या दोघांनाही हे ठाऊक नसेल असं नाही. असो, राग उरलेला नाही. (थोडा उरलाय.)

तुम्ही मात्र गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर माझं बायबल अशा थाटात ओट्यावर बसलात आणि रूथचे चारही अध्याय आधी वाचून काढलेत. "सातू म्हणजे जवच ना?" एवढंच मध्ये विचारलंत. मग रूथ ज्याच्या रानात कणसं वेचते त्या बवाजाबद्दल म्हणालात, "बवाज लई मोठ्या मनाचा. पेंढीतली कणसं मुद्दाम गाळा म्हणतो. तिला भीक वाटू नये म्हणून." माझी आजी ज्वारीची काढणी झाली की जालन्याकडच्या रानांत सरवा वेचायला जायची. तिच्यासाठीही कुणी कणसं गाळली असतील, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि ती पेन्सिल! खिशाला शाईचं पेन असताना तुम्ही नातवाच्या दप्तरातून पेन्सिल मागवलीत. माझा "परदेशी विधवा" हा चरण सहाऐवजी सात अक्षरांचा होत होता. त्यावर काट मारली नाहीत. समासात बारीक अक्षरात "परकी?" लिहिलंत. "पटलं तर घ्या, नाहीतर खोडरबर आहेच."

घेतलं, गुरुजी. बोटांवर मोजून बघा:

बवाजाच्या रानी । वेचिते सरवा ।
परकी विधवा । मवाबाची ॥

अंबाजोगाईचे मुकुंदराज, पैठणचे नाथ, गंगाखेडची जनाबाई... आपल्या मराठवाड्यात कवितेला तोटा कधीच नव्हता. पण दुसऱ्याच्या देवाचं पुस्तक मांडीवर घेऊन त्याचं एकेक अक्षर सांभाळणारा माणूस भेटायला नशीब लागतं. पुरस्कार-शाली मिरवणाऱ्यांपेक्षा अशा माणसांच्या जिवावर भाषा जगते, असं माझं मत आहे.

रूथ दावीद राजाची पणजी, येशू त्याच्याच वंशातला, आणि गावही येशूच्या जन्माचं बेथलेहेम. म्हणून हे अभंग नाताळात म्हणायचं चाललंय. वडीलधाऱ्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण त्यांच्याच सूनबाई पेटीवर चाल बसवताहेत. टाळ आमच्याकडे नाहीत. तुमचे घेऊन याल का?

आपली नम्र,
जालन्याची विद्यार्थिनी