मुंबईत गावची खोली पुन्हा हवी

संपादक महोदय,

गणपती आटोपून चाकरमानी परतीच्या गाडीला बसतात, तेव्हा त्यांच्यासोबत गावातली दोन-चार मुलेही नोकरी हातात नसताना मुंबईला निघतात. कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘आम्हीही असेच गेलो होतो’ हे वाक्य अशा वेळी प्रत्येक घरात ऐकू येते. मीही ते अनेकदा बोललो आहे, आणि गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर ते अर्धेच खरे आहे असे माझे मत झाले आहे.

मी राजापूर तालुक्यातला. १९७९ च्या जूनमध्ये एकोणिसाव्या वर्षी एसटीने मुंबईला गेलो, तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती. पण लालबागला आमच्या गावची खोली होती. चाळीतल्या त्या एका खोलीत बावीस जणांच्या पत्र्याच्या ट्रंका होत्या. रातपाळीचे लोक दिवसा झोपत, दिवसपाळीचे रात्री, आणि उरलेल्यांच्या वळकट्या गॅलरीत पसरत. प्रत्येकाला महिन्याची वर्गणी असे, मात्र नव्याने आलेल्या मुलाकडून काम लागेपर्यंत ती घ्यायची नाही, हा खोलीचा नियम होता. खानावळ चालवणाऱ्या मावशी माझे जेवण वहीत मांडून ठेवत. सकाळी गिरणीच्या दारावर गैरहजर कामगाराच्या जागी बदली म्हणून उभे राहायचे, नंबर लागला तर पाळी करायची, नाही लागला तर परत यायचे, असे चार महिने मी काढले. त्या चार महिन्यांत घरून एक रुपयाही मागवावा लागला नाही. म्हणजे मी नोकरीशिवाय गेलो होतो हे खरे असले, तरी आसऱ्याशिवाय गेलो नव्हतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कामावर जाऊ शकले नाहीत. मला पुढे एका गोदामात काम मिळाले. गावची खोली मात्र हळूहळू रिकामी होत गेली आणि शेवटी विकली गेली; आलेल्या पैशांतून देवळाचा सभामंडप झाला. त्या निर्णयाच्या बाजूने मीही हात वर केला होता, याचे आज वाईट वाटते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझा भाचा बी. कॉम. होऊन मुंबईला गेला. बहिणीने आंब्याच्या पैशांतून चाळीस हजार रुपये त्याच्या हाती दिले. आम्हा सर्वांना ती रक्कम पुष्कळ वाटली. ठाण्याच्या पुढे दिवा येथे तीन मुलांसोबत त्याने खोली घेतली. अनामत आणि दलाली यांतला त्याचा वाटा पंधरा हजार झाला. पुढे भाडे, डबा, लोकलचा पास आणि फोन मिळून महिन्याला साडेआठ हजार लागू लागले. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजन्सीने प्रशिक्षण आणि गणवेश या नावाखाली पाच हजार घेतले, आणि दोन आठवड्यांनी त्या कार्यालयाला कुलूप होते. उरलेले वीस हजार सव्वादोन महिन्यांत संपले. त्यातही एक गोष्ट आमच्यापैकी कोणीच हिशेबात धरली नव्हती, ती ही की काम मिळाले तरी पहिला पगार हाती पडेपर्यंत आणखी महिना-सव्वा महिना जातो आणि तेवढे दिवसही खावेच लागते. त्या महिन्यासाठी त्याने मित्राकडून उसने घेतले. खोली सोडताना घरमालकाने अर्धी अनामत परत दिली नाही. कागदावर काहीच नसल्यामुळे मुलगा गप्प बसला.

वास्तविक, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे सांगणार कोण? खोलीतले थोरले लोक पूर्वी हेच काम करत असत. कोणत्या मुकादमाच्या नादी लागू नये, कोणाला पैसे देऊ नयेत, हे आम्हाला पहिल्याच रात्री समजे.

भाचा यंदा शिमग्याला आला नाही. पालखी दारात आली तेव्हा बहीण ओटी भरताना रस्त्याकडे पाहत होती. रजा मिळाली नाही असे त्याने फोनवर सांगितले होते. खरे कारण उसनवारी फिटली नव्हती आणि रिकाम्या हाताने यायची त्याला लाज वाटली, हे मला नंतर कळले. नोकरी न मिळता परत आलेल्या मुलाला आपण वाडीत ज्या नजरेने पाहतो, तिची ही धास्ती आहे आणि तिला आपणच जबाबदार आहोत.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. मुले जाणारच आहेत. त्यांना थांबवा असे मी म्हणत नाही. मुलाखतीची पहिली फेरी आता पुष्कळदा फोनवर होते, ती गावातूनच द्यावी, आणि निदान चार महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय खोली घेऊ नये, एवढे पालकांनी जरूर पाहावे.

परंतु माझी मुख्य विनंती मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपण लाखांनी वर्गणी जमवतो. तशीच वर्गणी काढून दिवा, कल्याण किंवा नालासोपारा भागात मंडळाने रीतसर करार करून एक खोली घ्यावी. नव्या मुलाला तिथे तीन महिने विनामूल्य राहता यावे, आणि काम लागल्यावर त्याने पुढच्या मुलासाठी वर्गणी द्यावी. एकट्या मंडळाला हे झेपणार नसेल, तर शेजारच्या दोन-तीन गावांनी एकत्र यावे. पूर्वीची खोली केवळ पुरुषांची होती. आज आमच्या वाडीतल्या मुलीही नर्सिंग करून मुंबईला जात आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली पाहिजे. किंबहुना तिची गरज अधिक आहे.

आमच्या मंडळाच्या येत्या सभेत मी हा विषय मांडणार असून पहिल्या तीन महिन्यांचे भाडे माझ्या बचतीतून देणार आहे. ज्या मंडळांनी आजही अशी खोली टिकवली आहे, त्यांनी करार कोणाच्या नावे केला, मुदत संपल्यावर मुलाला कसे हलवतात आणि वीजबिलाची वाटणी कशी करतात, हे आपल्या पत्रातून कळवल्यास आम्हाला फार मदत होईल.

आपला,
एक जुना गिरणी कामगार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी