आठ एमबी लावले, तरी मेमरी अपुरी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या घरगुती संगणकांवरचा लेख आवडला. मात्र ‘अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवले की मेमरीची अडचण मिटते’ हे त्यातील विधान (हे कार्ड म्हणजे संगणकाला जादा मेमरी आणि बहुधा वेगवान प्रोसेसर देणारे जोडकार्ड) वाचून कोणी माझ्यासारखे फसू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे मेहुण्यांनी इंग्लंडहून आणलेला अमिगा १२०० हा घरगुती संगणक आहे. १९९२ साली बाजारात आलेल्या या यंत्राच्या ६८ईसी०२० प्रोसेसरला पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतील नेमकी जागा दाखवणाऱ्या, २४ च तारा आहेत. त्यामुळे मेमरी, रॉम (न पुसली जाणारी कायमची मेमरी) आणि इतर सारे काही १६ एमबीच्या आत बसवावे लागते, आणि त्यातही वाढीव मेमरीच्या वाट्याला जेमतेम ८ एमबी येतात. ग्यानबाची मेख अशी, की छोटी जोडकार्डे खुपसण्याच्या बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेलाही याच आठांपैकी वरचे ४ एमबी दिलेले आहेत. मी हौसेने ८ एमबीचे कार्ड बसवले आणि त्याच दिवशी खाच मुकी झाली. पुढचे दोन महिने मी भुसावळच्या उन्हाला बोल लावत होतो. अखेर कार्डावरचा जंपर (जोडणी बदलणारी छोटी टोपी) हलवून मेमरी ४ एमबीवर आणली, तेव्हा खाच पुन्हा चालू लागली.

६८०३० प्रोसेसरच्या कार्डांना पत्त्याच्या ३२ तारा असल्याने त्यांची मेमरी १६ एमबीच्या पलीकडे मांडता येते आणि हे भांडण मिटते. पण दुसरी मर्यादा तेथेही उरते, आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. पडद्यावरची चित्रे आणि ध्वनी सांभाळणाऱ्या अमिगाच्या खास चिप्सना मूळ बोर्डावरची २ एमबी ‘चिप रॅम’ तेवढी दिसते. कार्डावरची मेमरी एकट्या प्रोसेसरची. जळगावच्या दाणा बाजारात गोदाम पोत्यांनी भरलेले असावे, पण किल्ली मुनीमजींच्या कमरेला असल्याने हमालाला ओट्यावरच्याच मालाला हात लावता यावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच कित्येक एमबी मोकळी दिसत असतानाही चित्रे काढण्याचा प्रोग्राम ‘मेमरी अपुरी’ म्हणून थांबतो, आणि मालक बिचारा चांगले कार्ड सदोष ठरवून परत पाठवतो. शिवाय प्रोसेसर ५० मेगाहर्ट्‌झचा असला, तरी चिप रॅमकडे वळताच त्याला बोर्डाच्या संथ चालीनेच चालावे लागते.

२४ तारांची अडचण एकट्या अमिगा १२०० ची नाही. अमिगा २००० मध्ये झोरो-२ या जोडकार्डांच्या खाचेतून डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माहिती टाकणाऱ्या, हार्ड डिस्क कंट्रोलरचेही हात १६ एमबीपुढे पोहोचत नाहीत, आणि आपल्याकडे पुष्कळांनी वापरलेल्या पीसी-एटीच्या २८६ प्रोसेसरलाही पत्त्याच्या २४ च तारा होत्या.

पुढील लेखात कार्डाची क्षमता सांगताना त्यावरील मेमरी कोणत्या पत्त्यांवर बसते, हेही लेखकाने द्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)